आंधळी खिडकी

वरून पाणी गळतंय एवढं सांगायला मी वर गेले होते आणि तिच्या ओट्यावर ऊन पडलेलं पाहून परत आले. पाण्याचं सांगायची गरजच पडली नाही. ती आधीच सिंकखाली वाकून नळाचा आटा आवळत होती. मला दारात बघून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे आलं का हो पाणी? या ना आत, मी आलेच." मी आत गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. ओट्यावर, टोमॅटोच्या टोपलीवर, तिच्या ओल्या केसांवर ऊन होतं. ओट्यापाशी उभं राहिलं की उजव्या हाताला एक खिडकी होती आणि ती उघडी होती. मला आधी काही कळलंच नाही. नुसतंच वाटलं, किती छान उजेड आहे. मग जिना उतरताना मधल्या वळणावर माझ्या ध्यानात आलं, की ही खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर आहे, आणि आमच्याकडे त्या जागी भिंत आहे. माझा हात कठड्यावर तसाच राहिला. 

आमच्याकडे त्या जागी भिंतीत एक उथळ कोनाडा आहे आणि त्यात मी बरण्या ठेवल्या आहेत. बाहेरून पाहिलं तर तिथे खिडकी आहे, म्हणजे खिडकीचं सगळं काही आहे: वरची विटांची कमान, खालचा दगडी पाट, दोन्ही बाजूंच्या कडा. फक्त मध्ये विटा भरलेल्या. असल्या खिडकीला आंधळी खिडकी म्हणतात. हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. हे घर दीडशे वर्षांपूर्वी एका वीटभट्टीवाल्यानं बांधलं, म्हणजे आपल्याच मालाची जाहिरात केली म्हणा ना. एक वीट आडवी, एक वीट तोंडाची, अशा रांगाच्या रांगा, कुठे रेघ चुकलेली नाही. मागच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर तीन खिडक्या हव्यात असा त्याचा हट्ट, आणि तिसरीच्या मागे आत धुराडं येत होतं, जे पुढे कुणीतरी पाडलं. मग काय, बाहेरून खिडकी काढायची आणि आतून बुजवायची. बघणाऱ्याला तीन दिसल्या म्हणजे झालं. नवऱ्यानं हे सांगितलं तेव्हा मला त्या वीटभट्टीवाल्याचं हसू आलं होतं. असली माणसं अजून आहेत, फक्त ती घराऐवजी कपडे शिवतात, असं काहीतरी मी म्हणाले होते आणि तोही हसला होता.

माझा नवरा आर्किटेक्ट आहे, पण नवीन काही बांधत नाही. जुनी मोठी घरं घेऊन त्यांची लहान लहान घरं करतो. तोडायचं नसतं, सोडवायचं असतं, असं तो म्हणतो, गाठ सोडवतात तसं. या घराची त्यानं पाच घरं केली आणि खालचं एक आम्ही घेतलं. दिवाणखान्याचे दोन झाले, त्यामुळे छतावरचं चुन्याचं मोठं फूल मधोमध कापलं गेलं. अर्ध्या पाकळ्या आमच्याकडे, अर्ध्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे. जुन्या रुंद जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या आमच्या बैठकीत राहून गेल्या. त्या चढून कुठेच जाता येत नाही, समोर भिंत येते. आलेले पाहुणे त्या पायऱ्यांचं भारी कौतुक करतात आणि नवरा मान खाली घालून ऐकतो. तसा तो घुम्याच आहे. चार लोकांत त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या लाकडातून खिळा काढण्यासारखं. या सगळ्या वाटणीत आमच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं ते मात्र दिवसाही दिवा लावावा लागेल असं. माझं काम डोळे तपासायचं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या काळोख्या खोलीत मी दिवसभर बसते, लोकांच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग सरकवते आणि विचारते, हे बरं की आधीचं? संध्याकाळी घरी येते ती पुन्हा काळोखातच, फक्त इथे मला कोणी काही विचारत नाही. राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हणाले होते, कोनाड्याच्या विटा काढून खरोखरची खिडकी करता येणार नाही का? तो म्हणाला, जुन्या वास्तूंची समिती आहे. जे पूर्वी उघडं होतं आणि नंतर बुजवलं, तेच पुन्हा उघडू देतात. ही खिडकी कधी खिडकी नव्हतीच. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते दुकानात दोघातिघांना ऐकवलं. माझा नवरा कायद्याचा किती पक्का, वगैरे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका शब्दशः कुणाच्या घरात नसेल.

वरचं घर बरीच वर्षं विकलंच गेलं नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसनं ते दाखवायचं घर म्हणून ठेवलं होतं. गिऱ्हाइकं यायची, बघायची, जायची. नवरा मधूनमधून किल्ली घेऊन संध्याकाळी वर जायचा. ओल येते का बघतो, म्हणायचा. त्याला ओलीची फार काळजी. मग सहा महिन्यांपूर्वी ही आली. मी तिला मनात 'वरची' म्हणते. ती मुलांना पोहायला शिकवते. उंच आहे, खांदे रुंद, चालते तर वाटतं मागे कुणीतरी शिट्टी मारल्यावर ही एकदम वळेल. तिचे केस कायम ओले असतात. मला असले ओले केस बघितले की उगाचच आपण काल केस धुवायला हवे होते असं वाटतं. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. आतापर्यंत आमचं बोलणं झालं ते जिन्यात. मला वाटायचं, बरी आहे बिचारी. आता मला तिचं 'या ना आत, मी आलेच' आठवत होतं आणि त्यातला 'ना' खटकत होता. आपल्याच घरात माणूस जरा जास्त मोकळं वागतो, आणि दुसऱ्यानं आपल्यासाठी करून दिलेल्या घरात तर फारच. घरचे म्हणतात देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा. माझ्या आईची ही म्हण. ती बोलायची ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल, आणि आम्ही पोरी हसायचो. त्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्यांना मी तेच भिंग तीनदा दाखवलं आणि तिन्ही वेळा विचारलं, हे बरं की आधीचं. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्हीच ठरवा."

संशयाचं असं असतं, की एकदा मनात पाल चुकचुकली की माणूस घरभर पालीच शोधत फिरतो. चार वर्षांपूर्वी नवऱ्याची पाठ धरली होती आणि डॉक्टरांनी त्याला पोहायला सांगितलं होतं. तो हिवाळाभर पोहायला जात होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या कातडीला तलावाच्या औषधाचा वास यायचा, आणि तो एरवीपेक्षा खुशीत असायचा. मी म्हणाले होते, मानवलंय हो तुला पोहणं. त्याच हिवाळ्यात वरच्या घराचं काम चालू होतं. मी बसमध्ये उभी होते आणि हे सगळं एकाला एक चिकटत गेलं, इतकं सहज की मला त्याचा आनंदच झाल्यासारखा वाटला. मनातल्या मनात मी त्या दोघांना तलावाच्या काठावर पाहिलं. तो पाण्यात, ती वर उभी, त्याला हात कसा मारायचा ते दाखवतेय. आपल्या नवऱ्याचं उघडं अंग दुसऱ्या बाईच्या नजरेनं बघण्यासारखी वाईट गोष्ट नाही. तो मला एकदम तरुण दिसला.

रात्री जेवताना मी ताकास तूर लागू दिली नाही. भाजी वाढली, पाणी दिलं आणि मग अगदी सहज, मीठ मागावं तसं विचारलं, "वरच्या खिडकीला परवानगी कशी काय मिळाली?"

"कुठल्या?" तो म्हणाला. मग, "हां, ती." आणि त्याचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. "वर्षभर भांडलो त्यांच्याशी. मानायलाच तयार नव्हते. शेवटी म्हटलं, अहो, त्या माणसानं खिडकीची जागा ठेवलीय ती काय उगीच? त्याच्या मनात ती होतीच की."

"आणि आपली?"

"एकच मिळत होती." त्यानं घास घेतला. "वर ऊन जास्त येतं."

मी उठले आणि ताटं आवरली. एकच मिळत होती. म्हणजे याच्या हातात एक खिडकी होती आणि देता येतील अशा दोन जागा, आणि यानं ती वर दिली. वर्षभर हा माणूस समितीशी बोलत होता. हा, ज्याला वाण्याकडे सुटे पैसे मागायची लाज वाटते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि हात मात्र शांतपणे भांडी घासत होते, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, बरण्यांकडे तोंड करून. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला हवं होतं ते एवढंच कळणं, की आमचं लग्न अजून आहे की नाही. ते भिंतीसारखं होतं तिथेच आहे, की नुसत्या कमानीसारखं बाहेरून.

दोन दिवसांनी सुट्टी होती. छताचा डाग वाढलाय हे निमित्त करून मी पुन्हा वर गेले. या वेळी केस धुवून गेले, हे लपवण्यात काय अर्थ आहे. ती टोमॅटो चिरत होती. मी खिडकीतल्या बाकावर बसले. भिंतीच्या जाडीत बेतून बसवलेला तो लाकडी बाक होता, पाठ टेकायला तिरकी फळी. अशा बाकासाठी मी जन्मभर कुणाचीही भांडी घासली असती. बाहेर मागच्या गोदामाचं आवार, त्याचे पत्रे, पलीकडे एक झाड. आमच्या बाजूनं त्या आवारात जाता येत नाही, राहायला आलो तेव्हा नवऱ्यानं एकदा तिकडून भिंत दाखवली होती तेवढीच, म्हणूनच ही उघडी खिडकी मला इतकी वर्षं कधी दिसली नव्हती. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "माझे यजमान पूर्वी पोहायला जायचे. तुमच्याकडेच शिकले असतील."

"माझ्याकडे?" ती सुरी थांबवून हसली. "अहो ताई, मी या गावात आले तीच मुळी सहा महिन्यांपूर्वी. साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते किल्ली घेताना. एक शब्द बोलले नाहीत. जाताना तेवढं या भिंतीला हात लावून गेले. मला वाटलं ओल बघताहेत."

खोटं बोलणारा माणूस मी ओळखते. ज्याला तक्त्यावरची खालची ओळ दिसत नाही आणि तरी दिसतेय म्हणतो, तो आधी मान पुढे काढतो. हिची मान जागेवर होती. साप साप म्हणून मी दोन दिवस भुई धोपटत होते. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की मी तिला म्हणाले, द्या इकडे, थोडे मी चिरते. मी तिच्या जागी उभी राहिले, सुरी घेतली आणि कोपर भिंतीवर आपटलं.

"लागलं ना?" ती म्हणाली. "मला रोज लागतं. हे बघा, निळं झालंय. आणि उजेड बघा कुठून येतो. आपल्याच हाताची सावली सुरीवर पडते. नळ या अंगाला, भांडी निथळायची जागा त्या अंगाला, खण उघडतो तो उलट्या हातानं. मी तर म्हणते, हे घर कुणा डावखुऱ्यासाठी केलंय. माझा आतेभाऊ डावखुरा आहे, तो आला होता तर म्हणाला, वा, काय ओटा आहे. दिवसभर इथून हलायला तयार नव्हता."

मी सुरी डाव्या हातात घेऊन पाहिली. कोपर मोकळं राहिलं. सावली पलीकडे पडली. टोमॅटो धड कापता येत नव्हता, पण सगळं जिथल्या तिथे होतं. माझा नवरा लिहितो उजव्या हातानं, कारण शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारल्या. जेवतो उजव्या हातानं, कारण त्याच्या आईला चालायचं नाही. पण नकाशे काढतो डाव्यानं, दाढी डाव्यानं, ब्रेड कापतो डाव्यानं. हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की दिसायचंच बंद झालं होतं.

मग मी ते घर पाहिलं. तिला वाटलं मी डाग शोधतेय, आणि ती मागून येत होती, 'इथे नाही हो ताई, नळ तिकडे आहे' म्हणत. दारामागे कोट अडकवायला एकच खुंटी. तिनं दाराला आणखी दोन प्लास्टिकच्या चिकटवल्या होत्या. झोपायच्या खोलीत पलंगासाठी जी खोबण होती ती एका माणसाच्या रुंदीची. बिचारीनं पलंग तिरका काढून ठेवला होता. पुस्तकांचं कपाट भिंतीतच बांधलेलं, आणि वरचा खण असा की मला टाचा उंचावाव्या लागल्या. आमच्या घरी असा एकही खण नाही. तिथले सगळे माझ्या उंचीचे आहेत, त्यानं मुद्दाम माप घेऊन केलेले. माप घेताना मला भिंतीला टेकून उभं केलं होतं आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवला होता. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं. वरच्या घरात दुसऱ्या माणसाला पाय पसरायला कुठेही जागा नव्हती. वाईट मनानं नव्हे. जागेचा विचार करताना दुसरं माणूस त्याच्या मनातच आलं नव्हतं. ओल बघायला तो संध्याकाळी वर यायचा तेव्हा या बाकावर बसायचा हे मला कोणी सांगावं लागलं नाही. बाकाच्या कडेला, डाव्या अंगाला, लाकूड गुळगुळीत झालं होतं. वरची त्या बाजूला कुंडी ठेवते.

मी त्याला संध्याकाळी विचारलं. आडून नाही, सरळच. म्हटलं, "वरचं घर तू स्वतःसाठी केलं होतंस."

तो बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन बसून राहिला. नाही म्हणाला असता तर मी मानलं असतं की काय कोण जाणे. "हो," तो म्हणाला.

"म्हणजे तू जाणार होतास."

"छे. जाणार कुठे?"

"वर."

"अगं, जायचं नव्हतं मला. खरंच नव्हतं." त्यानं बूट खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "ते फक्त असायला हवं होतं. काढता काढता तसं होत गेलं. मग विकलं जात नव्हतं, तर... बसायचो थोडा वेळ."

"आणि मी कुठे होते?"

"तू खाली होतीस की." त्याला प्रश्नच कळला नव्हता. "जेवायला मी खालीच आलो असतो."

"मग ओटा कशाला?"

यावर त्यानं खरोखर विचार केला. तोच त्याचा मोठा दोष आहे, विचारलं की खरं उत्तर शोधतो. "चहाला," तो म्हणाला.

मला हसू आलं. हसताना मला कळलं की मला बाई हवी होती. ओल्या केसांची, रुंद खांद्यांची, दहा वर्षांनी लहान. तिच्याशी मी भांडले असते, तिच्यापुढे रडले असते, तिची नक्कल केली असती, तिच्याहून बरी दिसायचा प्रयत्न केला असता. बाईचा मत्सर करणं सोपं असतं. तिला नाक असतं, त्याला नावं ठेवता येतात. पण डाव्या हातानं चहा करून, खिडकीत बसून, पत्र्यांकडे बघत तो पिणारा हा जो माणूस वर राहत होता, त्याच्याशी काय भांडणार? तो माझ्या नवऱ्याला माझ्याहून जवळचा होता. त्याच्यासाठी नवरा वर्षभर समितीशी भांडला. आणि खोलवर आणखी एक गोष्ट होती जी मला बिलकुल आवडली नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं मला उजेड हवा होता, बाक हवा होता, ओटा हवा होता, आणि प्रत्येक वेळी मी ते दोघांसाठीच मागितलं होतं. मला एकटीचं घर काढायला सांगितलं असतं, तर मी आधी विचारलं असतं, याची झोपायची सोय कुठे करायची?

"आपलीही उघडू," तो म्हणाला. "मी पुन्हा अर्ज करतो." त्याचा चेहरा पडला होता. त्याच्या डोक्यात खिडकीचा प्रश्न खिडकीनं सुटत होता. मी म्हटलं, बघू.

तो आता ओल बघायला जात नाही. माझ्याशी जरा जास्त बोलतो, जेवताना दिवसभराचं सांगतो, ठरवून. मी ऐकते. बोलताना तो दमतो हे मला दिसतं.

पुढच्या महिन्यात वरची मुलांना घेऊन स्पर्धेसाठी परगावी गेली. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाली, "ताई, प्लंबर येईल तेवढं बघाल? आणि कुंडीला पाणी." प्लंबर आला, त्यानं नळ बदलला आणि गेला. मी दुकानात अर्धी रजा कळवली होती, ती अजून संपायची होती. मी दार आतून लावून घेतलं. कुंडी उचलून खाली ठेवली आणि बाकावर बसले. पत्र्यांवर ऊन होतं. बराच वेळ मी काहीच केलं नाही. मग उठून चहाचं आधण ठेवलं, कोपर भिंतीवर आपटलं, तर आपलं मीच हसले. घरात दुसरं कोणी नसताना हसण्याचा आवाज वेगळाच येतो.

तेवढ्यात खाली आमचं दार वाजलं. जुन्या फळ्यांची जमीन, खालचं सगळं वर येतं. किल्ली टेबलावर टाकल्याचा आवाज आला. मग त्याची हाक आली, "अगं, आहेस का?"

मी ओ द्यायला तोंड उघडलं. तो स्वयंपाकघरात आला, बरोबर माझ्या पायाखाली. पुन्हा एकदा हाक मारली, या वेळी हळू, खात्री करून घेतल्यासारखी. मग खुर्ची ओढली गेली. आणि तो गायला लागला. गुणगुणणं नव्हे, चक्क गाणं, मोकळ्या आवाजात, शब्द विसरले की ला-ला करत, टेबलावर ताल धरून, मध्येच एक तान घेऊन ती फसली तर स्वतःशीच खळखळून हसत. त्याला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. चांगलं गाता येत होतं. मी हात लांब करून गॅस बंद केला, आधणाचा आवाज खाली जाऊ नये म्हणून, आणि बाकावर श्वास धरून बसून राहिले. मी जराही हलले असते तर तो थांबला असता.